मुकुटबनच्या अंगणात लाल वाइन

वाइनचा एक थेंबही न चाखता मी वाइनच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते. नागपूरला बी.ए. करत असताना संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग लावला होता. घरी कुणाला कळेना, इंग्रजी सोडून हे काय नवीन. मला त्या भाषेचा आवाज आवडायचा, बस. तर त्या वर्गाच्या पुस्तकात एक धडा होता, वाइनचं वर्णन कसं करायचं. आधी तिचा पोशाख, म्हणजे रंग. मग नाक, म्हणजे वास. मग तोंड, म्हणजे चव. परीक्षेत लाल वाइनवर अर्धं पान लिहायला आलं आणि मी लिहिलं, पोशाख माणकासारखा, नाकात फ्रांबुआज आणि चेरी, तोंडात गोलाई. बाईंनी पेपर वर्गात वाचून दाखवला.

फ्रांबुआज म्हणजे रासबेरी, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी मनानं एक मोठं लाल बोर ठरवून टाकलं होतं. आणि चेरी म्हणजे केकवरची ती पाकातली लाल गोळी. ती मुळात करवंदाची असते, हे तर मला खूप पुढे कळलं.

पुढे आमच्या जिल्ह्यावर कापसाची ती वाईट वर्षं आली आणि माझ्या फ्रेंचला अचानक मागणी आली. जगभरातून माणसं यवतमाळकडे यायला लागली. कुणी कॅमेरे घेऊन, कुणी प्रश्नावल्या घेऊन. फ्रेंच बोलणारं कुणी आलं की मला फोन यायचा. मी दुभाषी. एखाद्या घरात शिरायचं, ओसरीवर बसायचं आणि त्या घरच्या बाईला विचारायचं, ते कधी गेले, कसे गेले, आता तुमचं कसं चाललंय. ती सांगायची, मी तिचं बोलणं फ्रेंचमध्ये घालायची. दोन वर्षं माझ्या तोंडून फ्रेंचमधले फक्त दुःखाचेच शब्द निघाले. विष, विधवा, पेरणी वाया जाणं. एवढी हौसेनं शिकलेली भाषा, आणि तिच्यात मी एकदाही हसून बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये एक माती तपासणाऱ्या बाई यायच्या होत्या. कापसाच्या शेतांमधली माती त्यांना न्यायची होती आणि बायकांशी बोलायचं होतं. काम झरी-जामणीकडे, म्हणून त्या मुकुटबनला आमच्याच घरी उतरणार होत्या. बाबा तिथं वीज मंडळात लाइनमन, आई आरोग्य केंद्रात नर्स, आणि आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. गावात परदेशी बाईला उतरवावं असं लॉज नव्हतं. मी भाड्याची जीप घेऊन त्यांना आणायला नागपूरला गेले.

बाई पन्नाशीच्या असतील. केस आखूड, नाक उन्हानं सोललेलं, हात एखाद्या शेतकरणीसारखे खरबरीत. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक बाटली काढली आणि म्हणाल्या, "ही तुमच्या घरच्यांसाठी. माझ्या वडिलांच्या बागेतली."

बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचलं. बोजोले. आमच्या पुस्तकातल्या नकाशात हा भाग होता, ल्यों शहराच्या उत्तरेला, टेकड्यांचा. गामे जातीची द्राक्षं. धड्यातली वाइन माझ्या मांडीवर होती.

ड्रायव्हर भाऊंनी आरशातून ते पाहिलं आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"ताई, ते दारू हाय का?"

"वाइन आहे भाऊ. गिफ्ट."

"असंन. पन मधात वर्धा जिल्हा लागते. तठी बंदी हाय. बाटली सापडली त माही गाडी जाईन."

ते खरंच होतं. नागपूरहून आमच्याकडे यायच्या नेहमीच्या रस्त्याला वर्धा जिल्हा आडवा येतो आणि तिथं दारूबंदी. मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, "मग इथंच कुणाला तरी देऊन टाकू." मला तर रडूच यायला लागलं. इतक्या जवळ आलेली ती बाटली नागपूरच्या फुटपाथवर सोडून द्यायची?

भाऊंनी माझं तोंड पाहिलं असावं. म्हणाले, "वर्ध्यात नाई घुसाचं त मंग एकच रस्ता हाय. उमरेडवरून चिमूर, चिमूरवरून वरोरा, अन् वरोऱ्यावरून वणीले निघू. लय फेरा पडते. तुमाले जमते का?"

"जमते," मी म्हटलं. बाईंना विचारायचंही भान मला राहिलं नाही.

अशी आम्ही एका बाटलीसाठी अर्ध्या विदर्भाला वळसा घातला. मृग लागला होता, पण आभाळ कोरडं होतं. शेतं नांगरून, वखरून तयार पडलेली, काळी आणि तापलेली. जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. उमरेडच्या पुढे बाईंना काळजी लागली. म्हणाल्या, या वाइनला गरमी सोसत नाही. फळ हाच तिचा जीव, आणि उन्हात सगळ्यात आधी फळच मरतं. मग नुसती आंबट दारू उरते.

मी माझी सुती ओढणी काढली, पाण्याच्या कॅनमध्ये भिजवली आणि बाटलीला गुंडाळली. खिडकीतून लू आत येत होती. ओल्या कापडावरून ती गेली की बाटली गार होई. ओढणी सुकली की भाऊ स्वतःच गाडी हापशीपाशी थांबवत. चिमूरला एका हॉटेलवाल्यानं विचारलं, "लेकरू आजारी हाय का बाई?" मांडीवर ओल्या कपड्यात काहीतरी धरून बसलेली मी त्याला तशीच दिसले असणार. मी हो म्हणून टाकलं आणि त्यानं माठातलं पाणी दिलं.

वरोरा मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि आमचा जिल्हा लागला तेव्हा भाऊ म्हणाले, "आता खुल्ली धरा." मी आणि बाई दोघीही मोठ्यानं हसलो. फ्रेंच बोलणाऱ्या माणसाबरोबर मी अशी हसले, ती पहिलीच वेळ.

घरी खरा प्रश्न वेगळाच होता. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात रोज पंचशील म्हटलं जातं आणि त्यातलं पाचवं शील मादक पदार्थ टाळण्याचं. बाबा तरुणपणी घ्यायचे, पण आईनं लग्नाआधीच त्यांना सांगितलं होतं, एक तर मी, नाही तर ते. आणि आईसाठी हे फक्त शिकवणीपुरतं नव्हतं. केंद्रात सकाळी सकाळी डोकं फुटलेल्या, हात मोडलेल्या बायका यायच्या, त्यांना टाके घालायला तीच असायची. दारूचा वास म्हणजे तिच्यासाठी तो वास.

पाहुण्या बाई अंघोळीला गेल्या तेव्हा मी चुलीपाशी जाऊन बसले. आई भाकरी थापत होती.

"आई, त्यायनं एक बाटली आणली."

"पाह्यली मी. तुह्या ओढणीत गुंडाळून ठेवली तेच ना?"

"त्यायच्या वडिलाच्या बागेतली हाय. गिफ्ट हाय."

"गिफ्ट घ्याव. नाई कायले म्हनाव माणसाले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पन प्याची नाई."

"मले चाखाची हाय, आई."

तिचे हात थांबले. मी तिला सगळं सांगितलं. तो धडा, ती परीक्षा, मोठं लाल बोर. म्हटलं, दोन वर्षं मी लोकांचं मरण भाषांतर करून राह्यली, एक दिवस मले चवीचं भाषांतर करू दे. मी हे इतक्या घाईनं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

आईनं भाकरी उलटली, फुगू दिली. मग म्हणाली, "शील तुह्यं तुले पाळाचं असते. मी काही पोलीस नाई. पन घरात नाई, अंगणात. अन् उजेडात. लपूनछपून काही नाई."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाटलीचा ताबा घेतला. सकाळीच त्यांनी ती ओल्या सुती फडक्यात बांधून अंगणातल्या निंबाच्या फांदीला टांगली, सावलीत, वारा लागेल अशी. ड्यूटीवरून मधेच सायकलनं येऊन फडकं भिजवून गेले. बाई म्हणाल्या, लाल वाइन फार गार करत नाहीत, पण ही हलकी असते, तिला थोडा गारवा मानवतो. निंबाखालचा गारवा तिला नेमका पुरला.

ऊन कलल्यावर आम्ही अंगणात बाज टाकली. पहिली अडचण बुचाची. बूच काढायचं हत्यार बाईंनी विमानात हातातल्या बॅगेत ठेवलं होतं, ते विमानतळावर काढून घेतलं होतं. बाबांनी बूच बोटानं दाबून पाहिलं, आत गेले आणि कामाची पिशवी घेऊन आले. लाकडात बसवायचा लांब स्क्रू पेचकसनं बुचात अर्धा फिरवला, मग त्याचं डोकं पकडीत धरलं, बाटली दोन पायांत घट्ट दाबली आणि विजेच्या खांबावर काम करावं तसं, जराही झटका न देता, बूच हळूहळू ओढत आणलं. टक् असा बारीक आवाज झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबा लाजले. त्यांनी बूच नाकापाशी नेलं आणि आईकडे पाहून पटकन खाली ठेवलं.

आता ग्लास. घरात प्यायला स्टीलचे पेले. बाई म्हणाल्या, रंग दिसला पाहिजे. आईनं कपाटातून फुलांच्या नक्षीचा काचेचा सेट काढला, जो पाहुण्यांना सरबत द्यायलाच निघायचा. बाईंनी तीन ग्लासांत तळाला थोडी थोडी वाइन ओतली आणि इकडे तिकडे पाहत म्हणाल्या, "मागे पांढरं काहीतरी हवं."

अंगणातल्या दोरीवर आईचं पांढरं लुगडं वाळत होतं, वंदनेला नेसायचं. मी ग्लास त्याच्यासमोर धरला.

"डाग पडला त धुवाले तूच," आई पायरीवरून म्हणाली.

मी पाहिलं. मधे दाट लाल, आणि कडेला, जिथं वाइन काचेला लागून पातळ होते तिथं, निळसर जांभळी रेघ. उतरत्या उन्हात ते लाल पांढऱ्या लुगड्यावर पडलं आणि हलायला लागलं. बाई म्हणाल्या, ही जांभळी कड म्हणजे वाइन तरुण आहे, वय झालं की ती विटकरी होते. माझ्या उत्तरपत्रिकेतला माणिक काही तिथं नव्हता. हा रंग मला चांगला ओळखीचा होता, फक्त कुठला ते आठवेना.

"आता नाक," बाई म्हणाल्या. "आधी न हलवता."

मी नाक ग्लासात घातलं. आधी दारूचा एक पातळ चटका. मग काहीतरी गोड, ताजं, भरभरून. उन्हानं बिघडलेलं काहीच नव्हतं. बाईंनी एकदाच हुंगलं आणि त्यांचे खांदे सैल पडले. "वाचली," त्या म्हणाल्या. मग ग्लास गोल फिरवायला शिकवलं. माझ्या हातून थोडी सांडली, पायावर. पण फिरवल्यावर वास असा उसळून वर आला की मी मागे सरकले.

"काय आहे त्यात? सांगा."

मी ताठ उभी राहिले आणि फ्रेंचमध्ये म्हटलं, "फ्रांबुआज. चेरी."

बाईंनी विचारलं, "फ्रांबुआज खाल्लंय तुम्ही कधी?"

"नाही."

"मग ते तुम्हाला कसं सापडलं?"

बाई हसल्या, पण वाईट वाटेल असं नाही. म्हणाल्या, "ते माझं फळ आहे. मी लहानपणी कुंपणावरून तोडून खायची, म्हणून मला ते सापडतं. तुम्ही काय तोडून खायचात?"

मी परत नाक घातलं. डोळे मिटले. आणि ते आलं. जांभूळ. झाडाखाली पडून जरा फुटलेलं, धूळ लागलेलं, ऊन खाल्लेलं जांभूळ. त्याच्यामागे चारं, म्हणजे चारोळीवरची ती काळी आंबटगोड फळं, जी आम्ही शाळेतून येताना जंगलात खायचो आणि बिया खिशात भरायचो. आणि अगदी मागे, वखरलेल्या काळ्या मातीवर पाणी शिंपडलं की येतो तो वास. मी एकेक नाव मराठीतच घेत गेले. ते बाईंना फ्रेंचमध्ये सांगायला हवं होतं, पण जांभळाला फ्रेंच शब्द मला ठाऊक नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला शब्द कमी पडला आणि त्याचा मला इतका आनंद झाला की मी हातवारे करून सांगायला लागले. एवढं मोठं, काळं, आत जांभळं, बी एकच, खाल्लं की जीभ रंगते.

बाबा कधीपासून ग्लास हुंगत होते. ते हळूच म्हणाले, "मले त केळ्याचा वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, "बाबा, लाल द्राक्षात केळं कुठून येईल?"

"जे येऊन राह्यलं ते सांगतलं."

मी ते बाईंना सांगितलं, जरा कचरतच. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हा वास खरंच असतो. त्यांच्याकडे द्राक्षं न चुरडता घडच्या घड बंद टाकीत भरतात आणि प्रत्येक द्राक्ष आतल्या आत आंबतं. त्यातून फळाचा जोर येतो आणि कधीकधी केळ्याचा वासही. "माझ्या वडिलांना कुणी केळं म्हटलं की ते जेवण सोडून उठतात." बाबांना हे मराठीत कळल्यावर त्यांनी पुढचा अर्धा तास फार ऐटीत काढला.

मग तोंडाची वेळ आली. बाईंनी घमेलं मागितलं. आईनं आणून दिलं, कशाला ते न विचारता. बाईंनी एक घोट घेतला, तोंडात खळखळवला, ओठ मुडपून आत हवा ओढली, त्याचा विचित्र आवाज झाला, आणि मग सगळा घोट घमेल्यात थुंकून टाकला.

आई उठून उभी राहिली. "हे काय व? फ्रान्सहून एवढी आणली, निंबाले टांगली, अन् थुकून टाकते?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, चाखणारे असंच करतात. दिवसभर चाखायचं तर गिळून कसं चालेल. चव तोंडात असते, घशाच्या खाली नसते.

आईनं हे दोनदा माझ्याकडून मराठीत ऐकून घेतलं. मग परत बसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला ते मला स्पष्ट दिसलं. "असं असंन त चाखा मंग," ती म्हणाली.

मी घोट घेतला.

पहिलं आश्चर्य हे, की ती गोड नव्हती. इतका फळाचा वास म्हटल्यावर जीभ सरबताची वाट पाहत होती आणि साखर कुठंच नाही. फळ होतं, सगळं होतं, जांभळाचा गर होता, साल होती, पण साखर तेवढी कुणी काढून घेतल्यासारखी. मग दोन्ही गालांच्या आत आंबट धावलं आणि तोंडाला पाणी सुटलं. मग हिरड्यांवर हलका तुरटपणा, जांभळाच्या बीजवळ दात गेला की येतो तसा, पण रेशमासारखा, ओढ न देणारा. बाईंसारखी हवा आत ओढायला गेले आणि मला ठसका लागला. थोडी नाकात गेली. घमेल्यात थुंकले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते.

"साखर कुठं गेली?" मी विचारलं.

"ती यीस्टनं खाल्ली. तीच तर दारू झाली. फळ मात्र त्यानं आपल्यासाठी ठेवलं."

थुंकल्यावरही चव जात नव्हती. ती तोंडात मागे मागे सरकत राहिली आणि गेल्यावर परत एकदा वास तेवढा आला. मी दुसरा घोट घेतला. आता काय शोधायचं ते ठाऊक होतं आणि एकेक गोष्ट वेगळी लागायला लागली. बाबांनीही चाखली. त्यांनी घमेल्यात असा नेम धरून थुंकलं की बाई म्हणाल्या, यांना आमच्या गावी न्यायला हवं. पण हवा आत ओढण्याचा तो आवाज त्यांना जमेना आणि ते सोडायलाही तयार होईनात. कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊले उचकी लागली का?"

आईनं शेंगदाणे भाजून मीठ लावून आणले. शेंगदाण्यांबरोबर वाइन एकदम गोल झाली, आणि हो, तो उत्तरपत्रिकेतला शब्द आता मला कळला. पातोडीच्या रश्श्याबरोबर मात्र तिचं जमलं नाही. तिखटानं तोंड पेटलेलं आणि वाइननं त्यात तेल ओतलं. बाई लाल झाल्या, पाणी पाणी करत हसल्या आणि म्हणाल्या, याच्यापुढे हिचं काही चालत नाही.

बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्यांच्या भागातही ती वर्षं वाईट होती. वाइनला भाव नव्हता. वडिलांनी उतारावरची अर्धी बाग उपटून टाकली होती. हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा बाबांनी बाटली उचलून तिच्यावरचं टेकडीचं चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "उरलेली बाग त हाय ना?" बाई म्हणाल्या, आहे. बाबा म्हणाले, "मंग बरं."

शेवटचा घोट राहिला होता. मी ग्लास हातात धरून आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. मी म्हटलं, "आई, हा एक गिळून पाहते." मी गिळला. घशातून छातीपर्यंत एक उबदार रेघ गेली आणि विरली. मी तिला तेच सांगितलं, रेघ कुठवर गेली ते बोटानं दाखवून.

तिनं हात पुढे केला. रिकामा ग्लास घेऊन नाकाशी नेला. तिनं तो बराच वेळ तिथंच धरला.

"पयले स्पिरिट येते," ती म्हणाली. "मंग ते जाते. मंग चांगलं येते." आणि ग्लास घेऊन ती स्वतःच धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्या बाई कपडे करून तयारच होत्या. म्हणाल्या, माती नंतर. आधी मला ते फळ दाखवा.

भाऊंची जीप घेऊन आम्ही झरीच्या रस्त्याला लागलो. गावाबाहेर नाल्याच्या काठी जांभळाचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली तीन-चार बायका लुगड्याच्या ओच्यात जांभळं वेचत होत्या. बाईंनी एक उचललं, पुसलं, उजेडात धरलं. आधी रंग पाहिला, मग हुंगलं, मग तोंडात टाकून डोळे मिटले आणि तशीच हवा आत ओढली. बायका वेचायच्या थांबल्या.

बाईंनी डोळे उघडले. "माझ्या वडिलांचं तळघर," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरमधलं. दार उघडल्याबरोबर." आणि एकामागून एक खात सुटल्या. जीभ बाहेर काढून मला दाखवली, ती जांभळी झाली होती.

"काय म्हनते ते?" एका बाईनं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. आदल्या वर्षी मी तिच्या ओसरीवर बसले होते, कॅमेरेवाल्यांबरोबर. नवरा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तिनंही मला ओळखलं होतं. मला वाटलं आता ती तोंड फिरवून निघून जाईल.

"तू तेच ना व? मांगच्या साली आलती. सांगता सांगता तूच रडली होती."

"हो," मी म्हटलं.

"आज काय पुसाले आली?"

"जांभळाचं," मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, खरं बोलतेय का ते. मग तिनं झाडाकडे हात केला. "मंग हे कायले चारते तिले? हे पानचट हाय. नाल्याच्या तिकडं एक झाड हाय, लहान जांभूळ, पन चव पाहाची असंन त ते." दुसरी म्हणाली, ते तुरट असते, पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचं, चांगलं. तिसरी म्हणाली, पोडावरचं अजून पिकलं कुठं. त्यांची आपसात जुंपली. कुठल्या झाडाचं आंबट, कुठल्याचं नुसतं पाणी, कुठल्याची बी मोठी अन् गर नाही, कुठलं पाऊस पडल्याशिवाय गोड होत नाही. मी भाषांतर करत होते आणि तोंडाला फेस यायची वेळ आली. बाई मधेच विचारायच्या, आंबट म्हणजे लिंबासारखं की चिंचेसारखं? मी विचारायची. बायका उत्तर द्यायच्या आणि तेही तीन वेगवेगळं.

नाल्याकडे आम्ही सगळ्याच चालत गेलो. त्या बाईनं फांदी वाकवून धरली आणि वरची, उन्हातली जांभळं तोडून आधी पाहुण्या बाईंना दिली, मग मला. लहान होती, जवळजवळ काळी, आणि चव अशी की आदल्या संध्याकाळचा दुसरा घोटच तोंडात आला.

पाहुण्या बाईंनी पिशवीतून माती काढायचा नळा काढला आणि त्याच झाडाच्या बुडाशी पहिला नमुना घेतला. नंतर त्या तीन आठवडे राहिल्या, शेताशेतांतून हिंडल्या, पुढची दोन्ही वर्षं परत आल्या, आणि तीच बाई दर वेळी आमच्याबरोबर हिंडायची, कुठल्या शेतात कशी माती ते सांगत. पण त्या दिवशी ती मला म्हणाली, "सांग ना, ते मगाशी काय म्हनली?"

मी सांगितलं, "ते म्हणते, तिच्या बापाची लाल दारू अशीच लागते."

तिनं ओच्यातून मूठभर जांभळं काढून पाहुण्या बाईंच्या ओंजळीत टाकली. "मंग सांग तिले," ती म्हणाली, "आमी त लहानपनापासून पिऊन राह्यलो."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं, आणि तोंडात जांभूळ होतं म्हणून दोनदा सांगावं लागलं.